पाणी आहे, पण फिरत नाही

मराठी घरात यंत्र बिघडलं की आधी मेकॅनिक येत नाही, आधी मतं येतात. मिक्सर-गिझरच्या बाबतीत ती फार टिकत नाहीत. कोपऱ्यावरचा माणूस येतो, वायर जोडतो, चर्चा मिटते. कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याच्या पोटात नेमकं काय आहे हे घरातल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं, त्यामुळे मत द्यायला कुणालाच अडचण येत नाही. त्यातून त्या पोटात पाणी असेल तर विचारूच नका. पाण्यावर मत नसलेला माणूस डोंबिवलीत अजून जन्मायचा आहे.

होय, पाणीच. विजेवर चालणाऱ्या यंत्रात मुद्दाम पाणी ठेवतात आणि त्याचे वर पैसे घेतात, हे आमच्या घरात प्रथम कळलं तेव्हा बायकोने आधी लेकीकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ती एरवी ओल्या हाताने स्विच लावणाऱ्यांसाठी राखून ठेवते. लेक ॲनिमेशनचं काम करते. तिचा कॉम्प्युटर म्हणजे एका बाजूने काच असलेलं काळं कॅबिनेट. आत लाल-निळे-जांभळे दिवे एकामागून एक पळत असतात. पाहुणे आले की आधी तिकडे बघतात आणि मग विचारतात, "याच्यावर पिक्चर दिसतो का?"

हे पाणी तिथे का असतं, ते सांगायला हवं. लेकीच्या यंत्रात रायझन ९ ७९५०एक्स नावाचा प्रोसेसर आहे. कंपनीने त्याला १७० वॅटचा दर्जा दिलाय, पण कामाचा जोर वाढला की तो २३० वॅटपर्यंत वीज खातो. छताचे तीन जुने पंखे मिळून जेवढी खातील तेवढी. पंखे निदान वारा तरी देतात. प्रोसेसर ती जवळजवळ सगळी वीज नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांतून उष्णता करून बाहेर टाकतो. ही उष्णता उचलून न्यायला त्याच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा बसवतात. ठोकळ्याच्या आत केसाइतक्या बारीक चिरा असतात. त्यांतून पाणी वाहतं, तापतं, एका नळीने रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंख्यांच्या वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. पाण्यात ग्लायकॉल आणि गंजरोधक मिसळलेलं असतं. हा सगळा कूलर कारखान्यातूनच सीलबंद येतो. भरायचं नाही, काढायचं नाही.

आणि हे पाणी फिरवतो तो पंप. मुठीत मावेल एवढा, बहुतेक वेळा त्या ठोकळ्याच्याच पोटात बसवलेला, मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारणारा. त्याचा आवाज इतका कमी की तो आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. लक्षात राहतो तो त्याच्या टोपीवरचा दिवा. या दिव्याला वीज वेगळ्या वायरीने मिळते. पंप थांबला तरी दिवा थांबत नाही. आत पाण्याचा थेंब हलत नसतो आणि वर इंद्रधनुष्य गोल गोल फिरत असतं. काही संस्थांचं कामकाज मी जवळून पाहिलेलं असल्यामुळे मला या रचनेचं फारसं नवल वाटलं नाही.

मे महिन्यात तक्रार सुरू झाली. रात्री लावलेलं रेंडर, म्हणजे लेकीच्या ॲनिमेशनची चित्रं तयार करण्याचं काम, सकाळच्या चहापर्यंत व्हायचं, ते आता दुपारच्या जेवणापर्यंतही होईना. कॅबिनेटमधले पंखे एवढे ओरडू लागले की शेजारच्यांनी आम्ही पिठाची गिरणी काढली का, अशी चौकशी केली. गंमत अशी की काही बंद पडलं नव्हतं. हल्लीचे प्रोसेसर समजूतदार असतात; तापले की स्वतःचा वेग कमी करतात आणि काम चालू ठेवतात. त्यामुळे बिघाड हा बिघाड वाटतच नाही, यंत्र फक्त जरा 'स्लो' वाटतं. आणि 'स्लो' हा आजार आपल्याकडे प्रत्येकाला बरा करता येतो.

पहिला आला माझा भाचा. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने यंत्राकडे पाहिलंही नाही, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, विंडोज परत टाकू या." यंत्र धूर सोडत असतं तरी तो हेच म्हणाला असता. मग मेव्हणे आले. त्यांचं आयुष्य वीज मंडळात गेलं. जगातली सगळी दुःखं कमी-जास्त व्होल्टेजमुळे होतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे आणि त्यात आमच्या लग्नाचाही समावेश असावा. त्यांनी टेस्टर मागितला, सॉकेट तपासलं आणि नवीन यूपीएस घ्यायला सांगितलं. बायकोचं निदान पहिल्यापासून एकच होतं: धूळ. ते अगदीच चूक नव्हतं. रेडिएटरच्या पात्यांत धूळ अडकली की वारा आरपार जात नाही. तिने हातमोजे घालून ब्रशने धूळ काढली. यंत्र दिसायला सुंदर झालं आणि पूर्वीइतकंच तापत राहिलं.

मी स्वतः लॅमिंग्टन रोडला गेलो. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी मुंबईत दुसरीकडे जायचं नसतं, आणि तिथे गेलेला माणूस एकच वस्तू घेऊन परतत नाही. दुकानदाराने माझं बोलणं अर्ध्यावर तोडलं. "पेस्ट सुकली असेल." प्रोसेसर आणि तांब्याचा ठोकळा यांच्यामध्ये एक करड्या रंगाची थर्मल पेस्ट लावतात, ती काही वर्षांनी सुकते हे खरं. पण हेही खरं, की त्याच्या काउंटरवर त्या पेस्टच्या ट्यूब बरणीत उभ्या करून ठेवल्या होत्या. भाच्याकडे विंडोजचा पेनड्राइव्ह होता, मेव्हण्यांकडे टेस्टर, बायकोकडे ब्रश आणि दुकानदाराकडे ट्यूब. ज्याच्या हाती जे औषध, त्याला तोच रोग दिसत होता.

लेक मात्र कुणाचंच न ऐकता आकडे बघत बसली होती. तिने एचडब्ल्यूइन्फो नावाचा प्रोग्रॅम उघडून ठेवला होता. त्यात यंत्राच्या प्रत्येक भागाचं तापमान दिसतं. मी डोकावलो तर प्रोसेसरपुढे ९५ अंश सेल्सिअस. मी घाबरलो.

"बाबा, पंचाण्णवला काही नाही होत," ती म्हणाली. "तो तसाच बनवलाय."

आणि ते खरं निघालं. २०२२ साली हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा कंपनीनेच सांगून टाकलं होतं की भरपूर काम असताना तो ९५ अंशांपर्यंत चढणार आणि तिथेच राहणार. ती त्याची ठरवून दिलेली मर्यादा आहे. म्हणजे कूलर धडधाकट असला तरी ९५ आणि मरायला टेकला असला तरी ९५! नुसता ताप बघून निदान करणाऱ्यांची सगळी पंचाईत. बघायचं ते वेगळंच. त्याच ९५ वर प्रोसेसर किती वेगाने धावतोय? काही काम नसताना किती तापलाय? काम थांबवल्यावर किती वेळात निवतोय? पेस्ट खराब असेल तर काम सुरू होताच पारा उडी मारतो आणि थांबताच झटक्यात खाली येतो. आमच्या यंत्राचा पारा काम थांबल्यावरही वरच बसून राहत होता. काही न करता, नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून, सत्तरच्या वर आणि हळूहळू चढता.

सकाळी यंत्र सुरू करताना आणखी एक गोष्ट घडायची. काळ्या पडद्यावर इंग्रजी सूचना यायची: सीपीयू फॅन एरर, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. प्रोसेसरच्या कूलरकडून फिरण्याचा इशारा मिळत नाही, असं मदरबोर्ड कळकळीने सांगत होता. घरातला जो कोणी यंत्र सुरू करी तो एफ१ दाबून पुढे जाई. बायको दाबायची, भाचा दाबायचा. "ते रोजच येतं," एवढं कारण पुरायचं. या देशाच्या कीबोर्डवर एफ१ हे बटण नसतं, तर आपली निम्मी कामं वेळेवर दुरुस्त झाली असती.

अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात देखभाल विभागाला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पंप हा शब्द ऐकला की ते अजून खुर्चीतून उठतात. ते आले ते हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन.

"झाकण काढ," त्यांनी लेकीला सांगितलं.

काच निघाली. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या टोपीवर अलगद टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. कारखान्यातले जुने लोक बेअरिंग असंच ऐकतात. धातूतून आवाज थेट कानात येतो. घरात शांतता पसरली. टोपीवरचा दिवा काकांच्या गालावर आळीपाळीने हिरवा आणि गुलाबी पडत होता.

"काही नाही," काका डोळे उघडून म्हणाले. "मूर्ती आहे नुसती."

मग त्यांची उलटतपासणी सुरू झाली. "सील गेलं असेल. शाफ्टचं सील कुठलं आहे?"

"काका, याला सीलच नसतं. आतली चकती पाण्यातच बुडालेली असते. बाहेरच्या कॉइलच्या चुंबकाने ती फिरते. पाणीच बेअरिंगला वंगण."

काका क्षणभर गप्प झाले. कारखान्यात सील गळण्यामुळे त्यांच्या कित्येक दिवाळ्या वाया गेल्या होत्या. "बरं. मग हवा धरली असेल. व्हेंट कुठे आहे? प्रायमिंग कुठून करायचं?"

"नाही करता येत. सीलबंद आहे."

"ज्या पंपाची हवा काढता येत नाही," काका म्हणाले, "त्याला पंप म्हणू नये."

हवेचा त्यांचा संशय मात्र बिनबुडाचा नव्हता. सीलबंद म्हटलं तरी वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांच्या भिंतींतून थोडं थोडं पाणी झिरपून उडून जातं आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा सर्वांत उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर वर असेल तर ती तिथे निरुपद्रवी पडून राहते. पण रेडिएटर तळाशी आणि पंप वर, अशी मांडणी केली की हवेचा बुडबुडा पंपातच मुक्काम ठोकतो. मग पंप गुरगुरतो, कोरडा फिरतो आणि झिजतो. लेकीचा रेडिएटर कॅबिनेटच्या छतालाच होता. काकांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे आदराने बघितलं.

"आता दोन्ही नळ्यांना हात लाव," ते मला म्हणाले. लेकीने प्रोसेसरला जड काम दिलं आणि मी हात लावला. ठोकळ्याजवळ एक नळी चटका बसेल इतकी गरम, दुसरी माणसासारखी कोमट. वरचा रेडिएटर थंडगार. त्या थंडगार रेडिएटरवर तिन्ही पंखे जीव तोडून वारा घालत होते. प्रोसेसर तापला की त्यांना जोरात फिरायचा हुकूम होतो; आपण वारा घालतोय ती वस्तू गरम आहे का, हे त्यांना कोणी सांगत नाही. सगळी आरडाओरड त्यांची होती, म्हणून सगळा संशयही त्यांच्यावर होता.

"पण एक नळी गरम आणि एक गार असणारच ना?" बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. काकांनी वर्तमानपत्राचा कोरा समास ओढला आणि पेन मागितलं. समजा, मिनिटाला एक लिटर पाणी फिरतंय आणि प्रोसेसर दोनशे वॅट उष्णता देतोय. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला ४.१८ ज्यूल लागतात. म्हणजे जाताना आणि येताना पाण्यात फरक किती पडेल? तीन अंशसुद्धा नाही. पाणी नीट फिरत असेल तर दोन नळ्यांतला फरक हाताला जेमतेम कळेल. इथे तो हाताला भाजून कळत होता. "पाणी आहे," काकांनी समासाखाली रेघ मारली, "पण फिरत नाही."

आणि न फिरणारं पाणी काही कामाचं नसतं. पाणी उष्णता पोटात भरपूर घेतं, पण जागच्या जागी उभं राहून ती पुढे सरकवण्यात तांब्याच्या तुलनेत सहाशे पटींनी कच्चं असतं. त्याचं सगळं कर्तृत्व वाहण्यात. ठोकळ्यात अडकलेलं घोटभर पाणी प्रोसेसरसोबत उकडत बसतं आणि नळीभर अंतरावर बाकीचं पाणी थंडपणे काहीच करत नसतं.

आता प्रश्न एवढाच उरला, पंप मेलाय की चिरा तुंबल्यात? पंप जोरात फिरत असून पाणी पुढे जात नसेल, तर तांब्याच्या चिरांत गाळ बसलाय असं समजायचं. लेकीने मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन पंपाचे फेरे बघितले. कधी शून्य, कधी दोन हजार, पुन्हा शून्य. मग तिने पंपाची पिन काढून मदरबोर्डवरच्या दुसऱ्या जागी लावली. तेच. म्हणजे मदरबोर्डचा दोष नाही. शेवटी काकांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने टोपीवर हलकेच टकटक केलं. आत काहीतरी खरखरलं, गुळगुळ असा आवाज आला आणि तापमानाचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरू लागला. पंचाण्णव, ऐंशी, साठ. पंखे गप्प झाले. भाचा टाळ्या वाजवणार एवढ्यात खरखर थांबली आणि आकडा परत जिना चढू लागला.

"चकती अडकतेय," काका म्हणाले. "बदला."

वॉरंटी शिल्लक होती. लेकीने कंपनीला कळवलं आणि उत्तर आलं: बिघाडाचा व्हिडिओ पाठवावा, त्यात पंपाचा आवाज येत नसल्याचं स्पष्ट ऐकू यावं. न येणारा आवाज स्पष्ट कसा ऐकवायचा, हा प्रश्न आमच्या घरात प्रथमच उभा राहिला. पंखे बंद केले. छताचा पंखा बंद केला. फ्रिजचं बटण बंद केलं. मे महिन्यातल्या डोंबिवलीत आम्ही सगळे श्वास रोखून, घाम पुसण्याचाही आवाज न करता, एका न चालणाऱ्या वस्तूचं न चालणं चित्रित करत उभे राहिलो. पहिल्या वेळी खालून भंगारवाला ओरडला. नंतर कुकरची शिट्टी. शेवटी जो व्हिडिओ जमला त्यात दिसतं ते एवढंच: झळाळणारा दिवा आणि पूर्ण शांतता. अनोळखी माणसाला वाटावं, जाहिरातच आहे.

मधल्या काळात बायकोने विचारलं, "अहो, असली पाण्याची भानगड आहेच कशाला?" लेकीने तिला सांगितलं की ही चैन नाही. क्रे-२ नावाचा महासंगणक १९८५ साली आला तेव्हा त्याचे भाग अख्खेच्या अख्खे फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेले होते. पुण्यात आयसर संस्थेतला परम ब्रह्मही द्रवानेच थंड ठेवतात. ॲपलने २००४ साली पॉवर मॅक जी५ मध्ये द्रव खेळवला होता, हे तिने सांगितलं. त्यांतली काही यंत्रं पुढे गळली, हे सांगितलं नाही. काकांचं म्हणणं वेगळं होतं. कारखान्यात महत्त्वाच्या जागी कधी एकटा पंप नसतो. एक चालू, एक स्टँडबाय. आणि दोन बसवायला जागा नसेल तर नुसत्या तांब्याच्या नळ्या आणि पत्र्यांचा एअर कूलर घ्यावा. त्यात पंखा थांबला तर निदान दिसतो तरी.

नवीन कूलर आला आणि बसवायच्या दिवशी सगळे हजर झाले. त्याच्या तांब्याच्या तळाला कारखान्यातूनच ताजी पेस्ट लावलेली होती. कॅबिनेट उघडलंच आहे तर बायकोने पुन्हा धूळ काढली. मेव्हण्यांनी आपल्या खर्चाने नवा यूपीएस आणून जोडला. यंत्र सुरू होताच, कुणी काही म्हणायच्या आत, भाच्याने विंडोज परत टाकलं. संध्याकाळी लेकीने रेंडर लावलं. प्रोसेसर रीतसर ९५ वर गेला, पूर्ण वेगाने धावला आणि काम थांबताच खाली आला. दोन्ही नळ्या सारख्याच कोमट.

"बघितलंत, धूळच होती," बायको म्हणाली.

"ड्रायव्हर करप्ट होते," भाचा म्हणाला.

मेव्हणे काही बोलले नाहीत, फक्त यूपीएसवर हात ठेवून उभे राहिले. फोनवर दुकानदार म्हणाला, "साहेब, मी सांगितलं होतं, पेस्ट."

काका संतापले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते! आता कशाने बरं झालं ते कळणार कसं?" त्यांनी मागणी केली की जुनी धूळ, जुनं विंडोज आणि जुनी वीज पूर्ववत करावी आणि नव्या पंपाची रीतसर चाचणी घ्यावी. जुनी धूळ बायकोने केराच्या गाडीत घातली होती. लेक म्हणाली, "काका, मला उद्या काम द्यायचंय." काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

यंत्राने कोणाचाच मुद्दा खोडून काढला नाही, त्यामुळे प्रत्येकाचं औषध आता गुणकारी ठरलं आहे आणि नातेवाइकांत वाटलं जात आहे. मागच्या रविवारी बदलापूरच्या चुलत बहिणीचा फोन आला, तिच्या मुलाचा कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून. मेव्हणे लगेच लोकलने यूपीएस घेऊन गेले. तिथे पोचल्यावर कळलं की तो लॅपटॉप आहे. तरी त्यांनी जोडून दिला.